म्हैसूरची एम.एस्सी.एड.

केंद्रीय विद्यालयांच्या शिक्षकभरतीची जाहिरात कधी बारकाईने वाचली आहे? अकरावी-बारावीला शिकवणारा पदव्युत्तर शिक्षक, म्हणजे पीजीटी, याच्या पात्रतेत पहिलीच ओळ असते ती एनसीईआरटीच्या 'रीजनल कॉलेज ऑफ एज्युकेशन'मधल्या त्या-त्या विषयातल्या दोन वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ची. त्यानंतर 'किंवा', आणि मग देशातल्या बाकी साऱ्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर पदव्या. गंमत अशी की रीजनल कॉलेज या नावाचे कॉलेज नव्वदच्या दशकापासून कुठे नाहीच. त्याचे रीजनल इन्स्टिट्यूट झाले. तो दोन वर्षांचा अभ्यासक्रमही गेला, त्याच्या जागी बारावीनंतरचा सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम आला. जाहिरातीतली ओळ मात्र वर्षानुवर्षे छापली जात राहिली. सरकारी मसुदा एकदा टाइप झाला की त्याला हात लावायचे धाडस कोण करणार?

ती पदवी माझ्याकडे आहे. म्हैसूरची, गणितातली, 1987 सालची. तिच्याच जोरावर केंद्रीय विद्यालयात नोकरी लागली आणि बदल्यांवर बदल्या घेत निवृत्तीही झाली. आता बेळगावातली माझी पुतणी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला शिक्षिका व्हायचे आहे. ती विचारते, "आत्या, एम.एस्सी. करू की एम.एड.? की विषय आणि शिकवणं दोन्ही एकत्र मिळेल असं काही असतं?" असं काही असतं, होतं, आणि ते का वाढलं नाही, हे फोनवर सांगून होण्यासारखे नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात मास्तरकी तिसऱ्या पिढीची. आजोबा व्हर्नाक्युलर फायनल झालेले. सातवी पास होऊन शाळेवर लागायचे, मग पाळी आली की ट्रेनिंगला जायचे, अशी तेव्हाची रीत. फर्स्ट इयर ट्रेण्ड, सेकंड इयर ट्रेण्ड अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला पगारात थोडा फरक. त्या ट्रेनिंगमध्ये फळ्यावर अक्षर कसे काढायचे इथपासून हजेरीपट कसा ठेवायचा इथपर्यंत सारे असे. हायस्कुलातल्या मास्तरांची तऱ्हा निराळी. ते आधी पदवीधर व्हायचे, मग बी.टी., म्हणजे आताची बी.एड. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज 1906 चे; बेळगाव-धारवाड मुंबई इलाख्यात असल्याने आमच्याकडच्या हायस्कूल मास्तरांची नजर तिकडेच असे. म्हणजे विषय विद्यापीठात शिकायचा आणि शिकवणे वेगळ्या इमारतीत, वेगळ्या माणसांकडून, नंतर. ही फाळणी तिथूनच.

1936 साली मुंबई विद्यापीठाने एम.एड. सुरू केली, देशात पहिल्यांदा. शिक्षणशास्त्राला पदव्युत्तर मान मिळाला ही मोठी गोष्ट, पण एम.एड.मध्ये विषय नव्हता. मानसशास्त्र होते, तत्त्वज्ञान होते, शाळेचे प्रशासन होते. गणिताचा मास्तर आणि इतिहासाचा मास्तर एका बाकावर बसून एकच पेपर देत. योगायोग पाहा, त्याच 1936 साली अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी उलट वाट धरली. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग नावाची पदवी काढली, तीत विषयाचा विभाग आणि शिक्षणाचा विभाग दोघांनी मिळून शिक्षक घडवायचा होता. एका वर्षी दोन देशांत दोन बिया पडल्या. आपल्याकडे पहिली रुजली. दुसरी यायला पस्तीस-चाळीस वर्षे लागली आणि ती आली म्हैसूरला.

का आली, त्याचे कारण शिक्षणशास्त्रात कमी आणि सुतारकामात जास्त आहे. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने सुचवले की सगळ्या मुलांना एकाच पुस्तकी साच्यात घालू नका; शेती, तंत्र, वाणिज्य, गृहशास्त्र अशा शाखा असलेल्या बहुउद्देशीय शाळा काढा. शाळा निघाल्या. मग लक्षात आले की यांत शिकवणार कोण? बी.टी. झालेल्याला रंधा धरता येत नव्हता आणि रंधा धरता येणाऱ्याला वर्ग सांभाळता येत नव्हता. त्यावर उपाय म्हणून 1961 साली स्थापन झालेल्या एनसीईआरटीने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे चार रीजनल कॉलेजे काढली. म्हैसूरचे 1 ऑगस्ट 1963 ला सुरू झाले. मदत अमेरिकेची, सल्लागार ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे. रशियाचा उपग्रह स्पुटनिक 1957 साली वर गेल्यापासून अमेरिकेला शाळेतल्या विज्ञान-गणिताची धास्तीच बसली होती, त्या धास्तीचा थोडा पैसा आपल्याकडेही वळला म्हणा.

बहुउद्देशीय शाळांचा प्रयोग काही वर्षांतच विझला. पण कॉलेजे उभी राहिली होती, त्यांना काम तर हवे. मग तंत्र-शेतीच्या शाखा मागे पडत गेल्या आणि मूळ कल्पनेतला जो भाग टिकला तो हा: बारावीच्या बरोबरीच्या मुलाला घ्या आणि चार वर्षे विषय व अध्यापन एकाच छताखाली, एकाच वेळापत्रकात शिकवा. बी.एस्सी.एड. ही ती पदवी. अशी एकात्मिक पदवी कुरुक्षेत्राला 1960 मध्येच सुरू झाली होती, पण तिचा जम खरा बसला तो या चार कॉलेजांत. आणि तिच्या डोक्यावर म्हैसूरने सत्तरच्या दशकात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांतली एम.एस्सी.एड. चढवली.

मी म्हैसूरला कशी पोचले, तर राज्यपुनर्रचनेमुळे. हे विनोदाने म्हणत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. आमचे गाव खानापूर तालुक्यात. रीजनल कॉलेजांची वाटणी राज्यांप्रमाणे: दक्षिणेची चार राज्ये म्हैसूरकडे, महाराष्ट्र, गुजरात, गोवा भोपाळकडे. त्यामुळे माझ्या चंदगडच्या मावसबहिणीला हाच अभ्यासक्रम करायचा असता तर तिला भोपाळ गाठावे लागले असते, हजारभर किलोमीटर, हिंदी मुलखात. ती गेली नाही. मी रात्रीच्या मीटरगेज गाडीने बेंगळुरू आणि तिथून दुसऱ्या मीटरगेजने म्हैसूर, अशी गेले. सीमाप्रश्नावर आमच्या भागात पुष्कळ लिहिले-बोलले जाते, त्यात ही नोंद कुठे सापडायची नाही: सीमारेषेच्या अलीकडच्या मराठी मुलीला म्हैसूर मिळाले आणि पलीकडचीला काहीच नाही.

कॉलेज म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्रीला लागून, गावाच्या पश्चिम अंगाला. कुक्करहळ्ळीचा तलाव चालत जाण्याच्या अंतरावर. हुणसूर रस्त्याच्याच बाजूला भारतीय भाषा संस्थान, 1969 चे. तिथे शिक्षकांना दहा-दहा महिने ठेवून दुसऱ्या राज्याची भाषा शिकवतात. मराठी शिकायची तर त्याच संस्थानाच्या पुण्याच्या केंद्रात, डेक्कन कॉलेजच्या आवारात जायचे. शहरातल्या मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याला सयाजीराव रोड म्हणतात हे कळले तेव्हा घरचे कुणी भेटल्यासारखे वाटले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचेच नाव. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी 1893 मध्ये अमरेलीत केला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केला. म्हैसूर संस्थानाने विश्वेश्वरय्या दिवाण असताना 1913 मध्ये तसा कायदा केला. दोन्ही संस्थानांना शिक्षणाची हौस होती, आणि त्या हौसेचा फायदा खालसा मुलखातल्या आमच्या आजोबांना मिळाला नाही, हेही खरे.

वसतिगृहात मल्याळी, तेलुगू, तमिळ मुली. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. कॉलेजची भाषा इंग्रजी. माझी कन्नड बेळगावकडची, 'हौद्री' म्हणणारी. आवारातल्या डेमॉन्स्ट्रेशन स्कूलमध्ये, आम्ही तिला डीएमएस म्हणत असू, पाठ घ्यायला उभी राहिले आणि कन्नडमध्ये एक वाक्य बोलले, तर अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. म्हैसूरची मुले, त्यांच्या कानाला माझी कन्नड म्हणजे नाटकातली. त्यानंतर मी इंग्रजी सुधारली आणि कन्नड मात्र हट्टाने तशीच ठेवली.

उन्हाळ्यात आवार वेगळेच व्हायचे असे जुने लोक सांगत. साठच्या दशकात या कॉलेजांनी 'समर स्कूल कम करस्पॉन्डन्स' बी.एड. सुरू केले होते. नोकरीत असलेले पण ट्रेनिंग न झालेले शिक्षक सुटीत यायचे आणि उरलेले वर्ष टपालाने स्वाध्याय पाठवायचे. पोक्त माणसे, घरी चार पोरे, आणि इथे विशीतल्या मुलांच्या खोल्यांत राहून सूक्ष्म अध्यापनाचे पाच-पाच मिनिटांचे पाठ घ्यायची.

आता मूळ मुद्दा. एम.एस्सी.एड.मध्ये असे काय होते जे एम.एस्सी. आणि बी.एड. वेगवेगळे केल्याने मिळत नाही? एक उदाहरण देते, कारण याशिवाय बाकीचे बोलणे हवेत जाते.

पाचवी-सहावीच्या मुलांना विचारा, 0.3 मोठा की 0.25? पुष्कळ मुले 0.25 म्हणतात. पंचवीस तीनापेक्षा मोठे, म्हणून. पूर्ण संख्यांचा नियम ती दशांश चिन्हापलीकडे ओढतात. ही चूक कुणालाही कळते. पण त्याच वर्गात काही मुले 0.3 म्हणतात आणि आपण शाबासकी देऊन पुढे जातो. त्यांना लगेच विचारा, 0.3 मोठा की 0.45? त्यातली काही पुन्हा 0.3 म्हणतील! त्यांच्या डोक्यात वेगळाच नियम आहे: दशांश हे शतांशापेक्षा मोठे, म्हणून कमी अंक असलेली संख्या नेहमीच मोठी. म्हणजे पहिल्या प्रश्नाला आलेले बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर होते. आता सांगा, कोणते दोन प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, हे कुठे शिकवतात? एम.एस्सी.त वास्तव संख्यांची रचना शिकवतात, डेडेकिंडचे छेद शिकवतात, मूल 0.45 ला घाबरते का ते सांगत नाहीत. एम.एड.मध्ये पियाजे शिकवतात, पण दशांश अपूर्णांक ज्याच्या-त्याच्या नशिबावर सोडतात. म्हैसूरला एका अभ्यासक्रमात दोन्ही होते. संध्याकाळी अमूर्त बीजगणिताचा पेपर सोडवून दुसऱ्या दिवशी डीएमएसमध्ये ऋण गुणिले ऋण म्हणजे धन का, हे आठवीच्या मुलाला पटवायचे असायचे, आणि मागे बसलेले सर दोन्हींवर बोलू शकणारे असायचे. आदल्या संध्याकाळी जे रिंगचे स्वयंसिद्ध म्हणून लिहिले तेच आठवीच्या मुलाला हवे होते, फक्त दुसऱ्या कपड्यांत.

महाराष्ट्रातल्या बी.एड. कॉलेजांत पुढे 'आशययुक्त अध्यापन पद्धती' नावाचा भाग आला, तो याच जातीचा. अमेरिकेत ली शुल्मन यांनी 1986 मध्ये शिक्षकाच्या अशा विषयनिष्ठ ज्ञानाला स्वतंत्र नाव दिले आणि मग जगभर त्यावर प्रबंधांचा पाऊस पडला. तो निबंध मी फार उशिरा वाचला. नवे काही वाटले नाही, आपले कुणीतरी नीट लिहून काढले एवढे वाटले.

मग हे रोप वाढले का नाही?

इथे जे. पी. नाईकांचे नाव घ्यायला हवे. जयंत पांडुरंग नाईक आमच्या शेजारचे, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. तरुणपणी त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत खेडेसुधारणेचे काम केले; म्हणजे कन्नड मुलूख त्यांना परका नव्हता. 1964-66 च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. त्या अहवालाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या दुखण्यावर बरोबर बोट ठेवले: ट्रेनिंग कॉलेजे विद्यापीठांपासून तुटलेली, शाळांपासून तुटलेली आणि एकमेकांपासूनही तुटलेली. विद्यापीठांनी सामान्य व व्यावसायिक शिक्षणाचे एकात्मिक अभ्यासक्रम काढावेत, असेही त्यात आहे. अहवाल 1966 चा. त्यानंतर विद्यापीठांनी काय केले? गणित विभागाने गणित सांभाळले, शिक्षणशास्त्र विभागाने एम.एड. सांभाळली, आणि दोन्ही विभागांच्या इमारतींमधला रस्ता रिकामाच राहिला.

मुंबईत 1974 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. वि. गो. कुलकर्णी त्याचे प्रमुख. त्या मंडळींनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात जाऊन खेड्यातल्या शाळांत विज्ञान कसे शिकवावे याचे काम केले. काम उत्तम, आणि तेही विषयापासून निघालेले. पण ते पदवीच्या वाटेने गेले नाही. संशोधन, पुस्तके आणि प्रशिक्षणवर्ग यांच्या वाटेने गेले. त्यामुळे महाराष्ट्रात विषयाध्यापनाचा चांगला विचार झाला, तो पोटाला लावणारी पदवी मात्र झाली नाही.

माझ्या मते खरे कारण नोकरीचे नियम. म्हैसूरच्या पदवीला केंद्रीय विद्यालयांनी ओळखले. 1985-86 मध्ये नवोदय विद्यालये निघाली, पहिली दोन झज्जर आणि आपल्या अमरावतीला. तिथेही आमच्यासारख्यांची सोय झाली. पण बाकी शाळांना हवे असते एम.एस्सी. अधिक बी.एड., दोन कागद. एकाच कागदावर दोन्ही आहे हे समजावता समजावता माझ्या एका वर्गमैत्रिणीचे दोन उन्हाळे गेले. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. बाकीचे काही शुद्ध गणितात पीएच.डी.ला गेले, काही बँकांत, काही बेंगळुरूच्या संगणक कंपन्यांत. शिक्षक घडवणाऱ्या पदवीने शिक्षणाबाहेरही माणसे पुरवली, याला तोटा म्हणायचे की नाही, ते ज्याने-त्याने ठरवावे. मी तोटाच म्हणते.

आणि सर्वांत विचित्र भाग: बी.एड. कॉलेजात गणिताचे अध्यापन शिकवायचे असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) 2014 च्या नियमांप्रमाणे विषयाची पदव्युत्तर पदवी हवी आणि शिवाय एम.एड. हवी. ज्या पदवीत विषय आणि अध्यापन एकजीव होते, ती शिक्षकांचा शिक्षक व्हायला पुरी पडत नाही. ज्या एम.एड.मध्ये विषय जवळजवळ नाही, तिच्यावाचून मात्र दार उघडत नाही.

मधल्या काळात महाराष्ट्राने आपल्या परीने इतिहास घडवला. राज्यातल्या 291 डी.टी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. 2012 च्या त्याच्या अहवालानंतर बी.एड. आणि एम.एड. दोन-दोन वर्षांच्या झाल्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर ठरवून टाकले की 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी. म्हणजे 1963 मध्ये म्हैसूरला जे सुरू झाले तेच आता साऱ्या देशाला नव्या नावाने लागू होते आहे. साठ वर्षांनी का होईना. पण हे झाले पदवीपुरते. तिच्या वरच्या मजल्याचे, विषयातल्या पदव्युत्तर अध्यापनाचे काय, यावर धोरण फारसे बोलत नाही.

तर पुतणीला माझे उत्तर असे. तुला अकरावी-बारावीला गणित शिकवायचे आहे ना? मग विषय सोडू नकोस, एम.एस्सी. कर, बी.एड. कर, या क्रमाने किंवा उलट. बारावीतच ठरवले असतेस तर म्हैसूरचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम बघ म्हटले असते. आता ते वय गेले. एम.एड. नोकरीत पाच-सहा वर्षे काढल्यावर कर, वर्गातले प्रश्न हाताशी असतील तेव्हा त्या पुस्तकांना अर्थ येतो. शिक्षणाचे प्रशासन किंवा धोरण यांत जायचे असेल तर गोष्ट वेगळी, मग एम.एड. आधी चालेल, बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची किंवा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची शिक्षणातली एम.ए.ही बघावी. आणि कुठेही प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रकाच्या जोडीला ज्या नोकरीवर डोळा आहे तिचे सेवाप्रवेश नियम काढून वाच. माझी वर्गमैत्रीण तेवढेच विसरली होती.

आणि एक विनंती महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना, त्यातही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला. चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या मुली तुमच्याकडे येतात. गणित विभाग तुमच्याकडे आहे, शिक्षणशास्त्र विभागही आहे. गणित आणि विज्ञान मराठीतून शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी विषयाध्यापनाची एक पदव्युत्तर पदवी दोन्ही विभागांनी मिळून काढा, आणि ती काढण्याआधी राज्याच्या शिक्षण खात्याकडून तिला सेवानियमांत जागा मिळवा. म्हैसूरच्या पदवीला अभ्यासक्रम चांगला मिळाला होता, नियमांत जागा मिळाली ती फक्त केंद्राच्या शाळांत.